बाळ दूध टाकते तेव्हा

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिम अंगाला, नाणेघाट-भीमाशंकरच्या बाजूस, भात, नाचणी आणि वरई ही घरची धान्ये. त्यामुळे तान्हे बाळ दूध टाकू लागले की घरातले कोणीतरी सुचवतेच, ‘‘अगं, दूध पातळ पडतंय. बाटलीत दोन चमचे तांदळाची पिठी नाही तर नाचणीचं सत्त्व कालव, म्हणजे पोटात ठरेल.’’ सल्ला मायेपोटी दिलेला असतो, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. पण तथ्य किती आणि धोका किती, हे नीट पारखून घेतले पाहिजे.

प्रथम बाळ दूध का टाकते ते पाहू. अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. पिशवीचे तोंड दोरीने आवळावे तसे ते अन्न आत गेल्यावर आवळले जाते. तान्ह्या बाळाची ही दोरी अजून सैल असते. त्यात आहार सगळा पातळ, आणि बाळ दिवसभर आडवे. मग जठरातले दूध, आणि त्याबरोबर थोडे आम्ल, वर येते. साधारण चौथ्या महिन्याच्या सुमारास हे प्रमाण सर्वांत जास्त असते. पुढे बाळ बसू लागते, घट्ट अन्न खाऊ लागते, आणि वर्ष-दीड वर्षाचे होईपर्यंत बहुतेकांचे दूध टाकणे आपोआप थांबते. बाळ हसते-खेळते आहे, वजन वाढते आहे, लघवी भरपूर होते आहे, तर दुपटी जास्त धुवावी लागतात एवढाच काय तो त्रास. तो आजार नव्हे.

अशा वेळी पहिला उपाय औषधाचा नाही, रीतीचा आहे. बाळ अंगावर पीत असेल तर ते मुळीच तोडू नये. पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध, पाणीसुद्धा नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ स्तन नीट तोंडात धरते की नाही हे आशाताईंना किंवा परिचारिकेला दाखवावे. पाजताना मध्येच आणि पाजून झाल्यावर ढेकर काढावी. नंतर वीस-तीस मिनिटे बाळाला खांद्याशी उभे धरावे. झोपवताना मात्र पाठीवर, सपाट जागीच झोपवावे. उशीचा उतार करू नये, पालथे घालू नये.

वरच्या दुधावरील बाळाच्या बाबतीत आधी माप तपासावे. पहिल्या काही महिन्यांत दिवसाकाठी वजनाच्या दर किलोमागे साधारण दीडशे मिलिलिटर दूध पुरते. पाच किलोच्या बाळाला साडेसातशे झाले. ते पाच वेळांत दिले तर दर खेपेस दीडशे, आठ वेळांत दिले तर नव्वद-पंच्याण्णव. सैल तोंडाची पिशवी गच्च भरण्यापेक्षा थोडी थोडी भरलेली बरी! पुष्कळ बाळांचे दूध टाकणे एवढ्यानेच कमी होते.

एवढे करूनही बाळ फारच टाकत असेल, तर डॉक्टर काही दिवस दाट दूध देऊन पाहायला सांगतात. दाट दूध जड असल्याने चटकन वर येत नाही. पण यामुळे दिसणारी उलटी कमी होते, जठरातले आम्ल नाहीसे होत नाही, हे ध्यानात ठेवावे. यासाठी तयार डब्याचे दूध मिळते. त्यातले काही बाटलीतच दाट होते, तर काही जठरातल्या आम्लाशी गाठ पडल्यावर. या दुसऱ्या प्रकाराबरोबर आम्ल कमी करणारे औषध दिले तर दूध दाटच होत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी आपल्या मनाने एकत्र करू नयेत.

आता घरच्या पिठीचे काय? आईचे दूध काढून त्यात पिठी घातली तर ती टिकत नाही. त्या दुधात अमायलेज नावाचे द्रव्य असते, ते पिष्ट पचवते आणि दूध पुन्हा पातळ होते. वरच्या दुधात पिठी घातली की ते निपलमधून येत नाही. मग कोणी तापल्या सुईने भोक मोठे करते, आणि एकदम लोंढा घशात जाऊन बाळ गुदमरते. पिठीने पोट भरते, पण दुधातली प्रथिने आणि चुना तिच्यात नाही. दूध दाट व्हावे म्हणून डब्यातली भुकटीच जास्त घालणे त्याहून वाईट. त्यातल्या क्षारांचा भार मूत्रपिंडावर पडतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर दाट करणारा कोणताही पदार्थ डॉक्टरांवाचून देऊच नये. अशा एका तयार पदार्थाबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली तसा स्पष्ट इशारा दिला होता.

डॉक्टरांनी डब्याचे दूध सांगितलेच, तर पाणी उकळून घ्यावे आणि अर्ध्या तासाच्या आत, ते चांगले कढत असतानाच, भुकटी मोजून घालावी. भुकटी निर्जंतुक नसते, कढत पाण्याने तिच्यातले जंतू मरतात. मग दूध कोमट करून, मनगटावर थेंब टाकून पाहून पाजावे. उरलेले टाकून द्यावे, दोन तासांपलीकडे ठेवू नये. बाटली आणि निपल दर वेळी घासून उकळावे. ऊसतोडणीच्या हंगामात कोपीत राहणाऱ्या मायबहिणींना हे कसे जमावे? जिथे सरपण मोजून आणि पाणी लांबून आणायचे, तिथे बाटली म्हणजे हगवणीला आमंत्रण. पातळ दूध वाटी-चमच्याने पाजावे. ते स्वच्छ करायला सोपे. आपल्या देशात १९९२ सालच्या कायद्याने दूधबाटली आणि डब्याचे दूध यांच्या जाहिरातीला बंदी केली, २००३ साली ती अधिक कडक केली, ती काही उगाच नव्हे.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये. हिरवी किंवा रक्ताची उलटी, दोन-तीन आठवड्यांच्या बाळाची पिचकारीसारखी लांब उडणारी उलटी, फुगलेले पोट, न वाढणारे वजन, कमी झालेली लघवी, ताप, शौचातून रक्त, दूध पिताना कळवळून रडणे किंवा निळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर बाळाला तत्काळ जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. कधी कधी गाईम्हशीच्या दुधातली प्रथिने न सोसल्यानेही असाच त्रास होतो, आणि तो दूध दाट करून जात नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. पालकसभेला येणाऱ्या आईच्या कडेवर पुष्कळदा धाकटे मूल असते. अंगणवाडीताईंना बोलावून त्या दिवशी बाळाचे वजन करून घ्या आणि मागच्या महिन्याच्या आकड्याशेजारी लिहून आईला दाखवा. दुपट्यावरच्या डागापेक्षा तो आकडा खरे सांगतो. तो वाढत असेल तर आजीबाईंनाही म्हणता येईल, ‘‘आजी, पिठी राहू द्या. नातू चांगला बाळसं धरतोय.’’