संशयातून मिळालेली रजा

बँकेत काही खुर्च्या अशा असतात की त्यांवर बसणाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस रजेवर जावंच लागतं. ही रजा मागावी लागत नाही, ती अंगावर येते. ट्रेझरी, करन्सी चेस्ट अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना तिची आगाऊ कल्पनाही द्यायची नाही, असं रिझर्व्ह बँकेचं जुलै २०२१चं परिपत्रक सांगतं. त्या दिवसांत लॉगिन बंद. उघडा राहतो तो फक्त ऑफिसचा ईमेल.

यामागे कुणाच्या थकव्याची कणव नाही, संशय आहे. २००८मध्ये सोसिएते जनराल या फ्रेंच बँकेला एका ट्रेडरच्या व्यवहारांत ४.९ अब्ज युरोंचा फटका बसला. आदल्या अख्ख्या वर्षात त्याने जेमतेम चार दिवस सुट्टी घेतली होती. लपवाछपवी चालू ठेवायची तर रोज हजर राहावं लागतं. आपल्याकडे मुंबईतल्या पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेत काय झालं? वर्षानुवर्षं त्याच कामावर असलेला अधिकारी निवृत्त झाला, त्या जागी आलेल्याने हमीपत्रासाठी मार्जिन मागितलं, आणि २०१८च्या सुरुवातीला सगळा घोटाळा बाहेर आला.

तरीही कर्मचाऱ्याच्या स्वास्थ्यासाठी बँका जे काही करतात, त्यात मला ही संशयी रजाच सर्वांत कामाची वाटते. योगदिनाला हॉलमध्ये सतरंज्या अंथरून फोटो काढले जातात, ते ठीकच. पण संध्याकाळी टार्गेटचा फोन यायचा तो येतोच. महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार सप्टेंबर २०१५पासून सुटीचा झाला. उरलेल्या शनिवारांबद्दल मार्च २०२४मध्ये बँकांची संघटना आणि युनियन यांचं एकमत झालं, तेही सरकारी मंजुरीच्या अटीवर आणि रोज ४० मिनिटं जास्त बसण्याच्या बोलीवर.

रजेची खरी अडचण छोट्या शाखेत कळते. तिजोरीच्या चाव्या दोघांकडे असतात, एकट्याला ती उघडता येत नाही. त्यातल्या एकाला गावी जायचं असेल तर आधी चावी घेणारा माणूस हवा. मग दोघांनी मिळून रोकड मोजायची, पुस्तकातल्या आकड्याशी ताळा घालायचा, रजिस्टरवर देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. घेणाराच नसेल तर मंजूर झालेली रजाही कागदावर राहते. म्हणून वेलनेसच्या अ‍ॅपपेक्षा शाखेत एक माणूस जास्त असणं मोलाचं.

तो जास्तीचा माणूस बहुतेकदा नवा प्रोबेशनर असतो, आणि तो घडतोही असाच. साहेब अचानक रजेवर गेले की कर्जाच्या फायली त्याच्या टेबलावर येतात. आठवडाभरात तो जे शिकतो ते ट्रेनिंग सेंटरच्या स्लाइडवर नसतं. जेएआयआयबी, सीएआयआयबी या परीक्षा आहेतच. पास झालं की पगारवाढ लागते, त्यामुळे लोक रात्री जागून त्या देतात.

एके काळी बँका वेगळीही गुणवत्ता सांभाळत. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, अशोक सराफही रंगभूमीवर काम करता करता तिथेच नोकरी करत. ऑफिसच्या टीमला खेळाडू हवा असे आणि खेळाडूला पक्की नोकरी. आता क्लार्कची भरतीच आटत चालल्यावर तालमीसाठी लवकर सोडायचं तरी कुणाला?

कर्मचाऱ्यांपलीकडे समाजासाठीही बँका बरंच काही करतात. शाळेला बाकं, दवाखान्याला रुग्णवाहिका, तिच्यावर बँकेचं नाव ठळक. यातलं काय टिकतं ते पाहायचं तर जिल्ह्यातली आरसेटी पाहावी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. कर्नाटकातल्या उजिरे इथे १९८२मध्ये धर्मस्थळचे वीरेंद्र हेगडे, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांनी मिळून पहिली संस्था काढली. पुढे केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने तो नमुना उचलला. सहसा जिल्ह्याची अग्रणी बँकच ती चालवते. आपल्याकडे कित्येक जिल्ह्यांत ही जबाबदारी बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे.

शेळीपालन, शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती असे थोड्या दिवसांचे वर्ग, राहणं-जेवण फुकट. हे धर्मादाय नाही. शिकलेला मुलगा उद्या कर्ज मागायला येणार आणि हिशेब येत असल्याने ते फेडण्याची शक्यता जास्त, हे बँकेला कळतं. म्हणूनच वर्ग संपल्यावरही दोन वर्षं पाठपुरावा ठेवलेला आहे.

घोडं अडतं ते शाखेत. प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलीला मॅनेजर जामीनदार विचारतो. मुद्रा योजनेच्या शिशु कर्जाला, म्हणजे ५० हजारांपर्यंत, तारण लागत नाही हे त्यालाही माहीत असतं. पण कर्ज थकलं तर जाब त्यालाच द्यावा लागतो, आणि गावोगाव फिरून ५० हजारांची वसुली करायला शाखेत माणूस नसतो.