उलथापालथीच्या काळातील साहित्य : आठवणीतून पुन्हा उभे राहिलेले ‘लीळाचरित्र’

‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यानंतर, साधारण १२७८ च्या सुमारास, त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी ऋद्धिपूरला त्याची जुळवाजुळव केली. त्यांची पद्धत आजच्या संशोधकालाही पटावी अशी आहे. घटना ज्यांच्यासमोर घडली त्यांना गाठायचे, त्यांच्याकडून ती ऐकायची आणि स्वामींनंतर पंथाचे प्रमुख झालेल्या नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायची. म्हणून लीळा, म्हणजे स्वामींच्या आयुष्यातला एखादा प्रसंग, लहान असली तरी स्वामी कोणत्या गावी होते, सोबत कोण होते आणि कोण काय बोलले, हे तिच्यात सहसा सापडते.

त्या वेळी देवगिरीवर यादवांचे राज्य होते. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला. पुढे त्याचा सेनापती मलिक काफूरच्या स्वाऱ्या झाल्या, १३१८ मध्ये यादवांचा शेवटचा राजा हरपाळदेव मारला गेला आणि राज्य कायमचे बुडाले. गोदावरीचा काठ हा देवगिरीच्या सत्तेचा गाभा, आणि महानुभावांचा वावरही मुख्यतः याच पट्ट्यात. गेवराई तालुक्यातले गोदाकाठचे पांचाळेश्वर हे पंथाचे तीर्थस्थान.

या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांना लीळा तोंडपाठ होत्या, त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या आणि लिहून घेतल्या. त्यांत हिराइसा या साधक स्त्रीचे नाव आदराने घेतले जाते. तिच्या नावाचा स्वतंत्र पाठच आहे. सगळ्यांच्या आठवणी अर्थातच जुळल्या नाहीत. खरे महत्त्वाचे घडले ते इथे. एक पाठ खरा ठरवून बाकीचे बाद करण्याऐवजी, अमुक जण ही गोष्ट अशी सांगतात, तमुक जण तशी, ही नोंद पोथ्यांनी जपली. भक्तिग्रंथात इतका प्रांजळपणा क्वचितच दिसतो.

हरवलेले ग्रंथ आठवणीतून परत मिळवण्याची अशीच घटना चीनमध्ये हान राजवट कोसळताना घडली. साई यान ही विद्वान साई योंगची मुलगी. दंगलीच्या काळात श्योंगनू टोळ्यांनी तिला पळवून नेले. तिकडे तिची बारा वर्षे गेली, दोन मुले झाली. सेनापती आणि कवी असलेल्या त्साओ त्साओने खंडणी देऊन तिला सोडवले. मुले मात्र मागेच राहिली. वडिलांची सुमारे चार हजार पुस्तके नष्ट झाली असली, तरी त्यांतली चारशेच्या वर आपल्याला आठवतात, असे तिने सांगितले. त्साओ त्साओने दहा लेखनिक देऊ केले. परपुरुषांसमोर बसून सांगणे रीतीला धरून नाही म्हणून तिने ते नाकारले, कागद आणि कुंचला मागितला आणि सगळे स्वतः लिहून काढले. तिच्या लेखनात एकही चूक नव्हती, असे हान राजवटीचा इतिहास नोंदवतो. हिराइसाचा पाठ मात्र एकमेव नाही. तिच्या पाठाशेजारी इतरांचे पाठ उभे आहेतच.

‘लीळाचरित्र’ परत मिळाले, तरी ते सर्वांसाठी खुले राहिले नाही. चौदाव्या शतकात पंथातल्या रवळोबासांनी सकळ लिपी ही सांकेतिक लिपी घडवली, असे मानले जाते. एका अक्षराच्या जागी दुसरे लिहायचे, ही तिची साधी युक्ती. पुढे सुंदरी, अंक, शून्य अशा आणखी लिप्या आल्या. ही सांकेतिक लिपी केवळ आक्रमणाच्या भीतीने निघाली, असे सरसकट सांगितले जाते, पण ते पुरेसे वाटत नाही. दीक्षा न घेतलेल्यांपासून शास्त्र राखण्याचा हेतूही त्यामागे तितकाच असावा. या राखण्याची किंमत मोठी होती. ज्या पंथाने संस्कृत सोडून मराठीत ग्रंथ लिहिले, त्याचेच साहित्य मराठी वाचकाला सहाएक शतके दिसले नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडली. त्यानंतर ह. ना. नेने आणि शं. गो. तुळपुळे यांनी ‘लीळाचरित्रा’च्या आवृत्त्या काढल्या आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांची संपादित प्रत महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली.