मच्छर कुठून येतात? कूलरला विचारा!

श्रावण लागला की अमरावतीचं साईनगर असो की अकोल्याची जठारपेठ, ओरड एकच: "मच्छर लय वाढले बाप्पा!" बोट जातं नालीकडे. डेंगीचा एडिस डास मात्र बहुधा घरातल्या, अंगणातल्या साध्या, स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणूनच त्याला रोखणंही आपल्याच हातात आहे.

आठवडाभराचा खेळ
अंडं, अळी, कोष, डास: पावसाळ्याच्या उबेत एडिसचा हा प्रवास साधारण 7 ते 10 दिवसांत उरकतो. म्हणून 'कोरडा दिवस', म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा दिवस, दर आठवड्याला पाळायचा. पंख फुटण्याआधीच अळी संपते.

ओतू नका, घासा!
एडिसची मादी अंडी चिकटवते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या कडेला. ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. ड्रम नुसता उपडा करून भागत नाही. आतून खसखसून घासावा लागतो.

कूलरची उरलेली टाकी
मे महिन्याच्या 45 अंशांत कूलर जीव वाचवतो. पावसाळ्यात तो खिडकीतच राहतो आणि टाकीत पाणी साचतं. पाऊस लागताच टाकी घासून कोरडी करा, आतलं गवत काढून टाका.

नळाची वाट पाहणारे ड्रम
अकोल्याची तहान काटेपूर्णा धरण भागवतं, अमरावतीची ऊर्ध्व वर्धा. पण नळ रोज येत नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचं पाणीच खारं, गोडं पाणी साठवावंच लागतं. साठवा, पण झाकून. घट्ट झाकण नसेल तर सुती कापड ताणून दोरीनं बांधा.

लांबचा प्रवासी नाही
एडिस सहसा 100-200 मीटरांच्या पलीकडे उडत नाही. तुम्हाला चावलेला डास तुमच्याच गल्लीत जन्मलेला असण्याची शक्यता मोठी. गच्चीवरचा एक जुना टायर शेजारच्या चार घरांना ताप देऊ शकतो.

चावते ती मादीच
नर फुलांच्या रसावर जगतो. मादीला अंड्यांसाठी रक्तातलं प्रथिन लागतं. एडिसची मादी दिवसाढवळ्या चावते, म्हणून दुपारी झोपलेल्या बाळालाही मच्छरदाणी हवी.

शेपटाकडून श्वास
एडिसची अळी उलटी लटकते आणि शेपटाकडची नळी पाण्यावर काढून श्वास घेते. उपसता न येणाऱ्या डबक्यात थोडं जळकं ऑइल टाकलं की तवंगाखाली ती गुदमरते.

मुळांत लपणारा डास
मॅन्सोनिया डासावर मात्र तवंगाची मात्रा चालत नाही. त्याच्या अळ्या जलकुंभीसारख्या पाणवनस्पतींच्या मुळांत नळी खुपसून तिथूनच हवा घेतात. जानेवारी 2018 मध्ये हजारो अकोलेकर जलकुंभीनं भरलेली मोर्णा नदी साफ करायला उतरले. अशा जागी वनस्पती उपटणं हाच खरा इलाज.

गप्पी हे एका माणसाचं नाव
भिंतीभिंतींवर रंगवलेल्या 'गप्पी मासे पाळा'मधला मासा त्रिनिदादच्या रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी यांच्या नावानं ओळखला जातो. तो अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतो आणि अळ्या फस्त करतो. हौदात, वापरात नसलेल्या विहिरीत जरूर सोडा. नदी-तलावात नको, तिथल्या मूळ माशांना तो त्रासदायक ठरतो.

पाइपाच्या तोंडाला जाळी
घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास संडासाच्या टाकीतून गॅसच्या पाइपावाटे बाहेर पडतो. पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधली की तो आतच अडकतो.

धुराच्या गाडीची मर्यादा
धुरानं मरतात ते उडणारे डास. ड्रममधल्या अळ्यांना त्याचा धक्काही लागत नाही.

मग वऱ्हाडानं कोरडा दिवस कोणता धरावा? नळ येण्याच्या आदल्या दिवशी ड्रम तळाला गेलेले असतात, पाणी वाया जात नाही. त्या संध्याकाळी अख्ख्या गल्लीनं मिळून ड्रम घासले, तर डेंगीच्या डासाला त्या गल्लीत वाढायला फारशी जागा उरणार नाही.