राष्ट्रीय उद्यानांतील प्रवेशशुल्क व परवाने

राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य यांच्या हद्दीत जाऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीस सक्षम अधिकाऱ्याने दिलेली लेखी अनुमती म्हणजे प्रवेश परवाना आणि त्यासाठी आकारण्यात येणारी रक्कम म्हणजे प्रवेशशुल्क. व्यवहारात या दोहोंस मिळून ‘तिकीट’ वा ‘पास’ म्हणतात. तथापि रेल्वेचे वा नाटकाचे तिकीट आणि उद्यानाचा परवाना यांत मूलतः भेद आहे. तिकीट विकत घेणाऱ्यास सेवेचा हक्क मिळतो. उद्यानात मात्र प्रवेशबंदी हा नियम असून परवाना हा त्या नियमास केलेला, अटींनी बांधलेला अपवाद होय. वाघ न दिसल्यास शुल्क परत मिळत नाही, त्याचे कारणही हेच. शुल्क दर्शनाबद्दल नसून प्रवेशाच्या अनुमतीबद्दल असते.

इतिहास : अमेरिकेतील यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान १८७२ मध्ये घोषित झाले, पण प्रवेशशुल्काची प्रथा त्या देशात मोटारगाडीबरोबर आली. मौंट रेनिअर उद्यानात १९०८ पासून मोटारींसाठी परवाना-शुल्क घेण्यास प्रारंभ झाला व पुढे इतर उद्यानांनी तोच मार्ग अनुसरला. माणशी नव्हे, तर गाडीमागे शुल्क आणि वर्षभर चालणारा पास ही त्या देशातील पद्धतीची वैशिष्ट्ये आजही टिकून आहेत. ब्रिटनमधील राष्ट्रीय उद्यानांत प्रवेशशुल्क नाही. तेथे उद्यानाच्या हद्दीत गावे, शेते व सार्वजनिक रस्ते असल्याने फाटक घालावयाचे कोठे, हाच प्रश्न आहे. याच्या दुसऱ्या टोकाला र्‌वांडा हा देश आहे. तेथे पर्वतीय गोरिलांच्या दर्शनाचा परवाना २०१७ मध्ये ७५० डॉलरांवरून १,५०० डॉलरांवर नेण्यात आला. नेपाळने उद्यानांच्या उत्पन्नातील ३० ते ५० टक्के वाटा परिसर क्षेत्रातील ग्रामस्थांच्या विकासासाठी देण्याची कायदेशीर तरतूद केली असून चितवनच्या भोवतालच्या वस्त्यांना तिचा लाभ झालेला आहे.

भारतात पहिले राष्ट्रीय उद्यान १९३६ मध्ये ‘हेली’ या नावाने स्थापन झाले (आजचे कॉर्बेट). महाराष्ट्रातील सर्वांत जुने ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये घोषित झाले, तेव्हा चंद्रपूर जिल्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने तो मुंबई राज्यात आला. त्याच दिवशी हैदराबाद राज्यातील नांदेडसह मराठवाडाही त्या राज्यात समाविष्ट झाला.

कायदेशीर आधार : आजची परवानापद्धती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ वर उभी आहे. त्याच्या कलम २७ अन्वये अभयारण्यात कोणासही सर्वसाधारणपणे प्रवेश नाही. कर्तव्यावरील शासकीय सेवक, आत राहण्याची अनुमती असलेले, आत स्थावर मालमत्तेवर हक्क असलेले, सार्वजनिक महामार्गाने पार जाणारे आणि यांपैकी काहींचे अवलंबित एवढेच या बंदीतून वगळलेले आहेत. कलम २८ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक अर्ज आल्यावर पाच कारणांसाठी परवाना देऊ शकतो : वन्यजीवांचे अन्वेषण वा अभ्यास, छायाचित्रण (२०२२ च्या दुरुस्तीनंतर अधिवासास बाधा न आणता केलेले चित्रपटनिर्मितीचे कामही), वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या व्यक्तीशी कायदेशीर व्यवहार. विहित शुल्क व अटी यांचा उल्लेख याच कलमात आहे. कलम ३५ ने या तरतुदी राष्ट्रीय उद्यानांसही लागू होतात.

या पाच कारणांत देवदर्शनाचा उल्लेख नाही, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ताडोबा हे नावच तारू या गोंडांच्या दैवतावरून पडले असून त्याचे ठाणे उद्यानातील तलावाच्या काठी आहे. पौष महिन्यात तेथे आदिवासींची यात्रा भरत असे. पर्यटकासाठी कायद्यात स्वतंत्र खंड आहे. ज्याच्या दैवतामुळे जंगलाला नाव मिळाले त्या भाविकासाठी मात्र तो नाही. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वन हक्क मान्यता) अधिनियम, २००६ ने परंपरागत रूढ हक्कांना मान्यता दिल्यामुळे हा प्रश्न आता निव्वळ अधिकाऱ्याच्या सौजन्यावर सोडता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, परवान्याच्या कारणांत स्थानिकांच्या धार्मिक प्रवेशाचा सुस्पष्ट अंतर्भाव करणे अधिक न्याय्य ठरेल.

गुराख्याची स्थितीही समजून घेण्याजोगी आहे. अभयारण्यात गुरे चारण्यावर नियमन करता येते. राष्ट्रीय उद्यानात मात्र कलम ३५ अन्वये पाळीव जनावरांच्या चराईस व प्रवेशास मुळीच मुभा नाही आणि कोणतेही शुल्क भरून ती मिळत नाही. कंधार तालुक्यावरून ज्या जातीस नाव मिळाले त्या लाल कंधारी गाईबैलांचा कळप पैनगंगा अभयारण्याच्या परिसरात नियमांच्या चौकटीत चरू शकेल. तेच क्षेत्र उद्या राष्ट्रीय उद्यान झाले, तर तो हद्दीबाहेरच थांबेल. ‘अभयारण्याचे उद्यान करा’ अशी मागणी शहरातून होते तेव्हा तिचा हा अर्थ मागणी करणाऱ्यांना ठाऊक असतोच असे नाही. [→ अभयारण्य].

शुल्काची अंगे : महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत : ताडोबा (११६.५५ चौ. किमी.), नवेगाव, पेंच, गुगामल (३६१.२८ चौ. किमी.), बोरिवलीचे संजय गांधी उद्यान (सु. १०४ चौ. किमी.) व चांदोली. यांपैकी ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल व चांदोली ही व्याघ्र प्रकल्पांत समाविष्ट आहेत आणि तेथील परवानापद्धतीत बरेच साम्य आढळते.

व्याघ्र प्रकल्पाच्या प्रवेशद्वाराशी पर्यटक जी रक्कम मोजतो, तिचे स्थूलमानाने तीन भाग पडतात : प्रवेशशुल्क, वाहनाचे भाडे व मार्गदर्शकाचे मानधन. यांपैकी पहिलेच कायद्याच्या अर्थाने शुल्क होय. वाहनभाडे हे जिप्सीच्या मालकाचे व मानधन हे मार्गदर्शकाचे उत्पन्न असून हे दोघेही बहुधा लगतच्या खेड्यांतील असतात. मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्यासाठी निराळी आकारणी असते. एका जिप्सीत सहा पर्यटक, चालक व मार्गदर्शक असतात. परवाना प्रवेशद्वार, दिवस व फेरी (सकाळची किंवा दुपारची) यांस बांधलेला असतो. तो हस्तांतरणीय नसतो व नोंदणीच्या वेळी दिलेले ओळखपत्र मूळ स्वरूपात दाखवावे लागते. गाडीतून उतरणे, प्राण्यांना छेडणे, कचरा टाकणे, शस्त्र बाळगणे यांस मनाई असते. ताडोबाचे गाभा क्षेत्र मंगळवारी आणि पावसाळ्यात १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत पर्यटनास बंद असते. परिसर क्षेत्रातील काही प्रवेशद्वारे पावसाळ्यातही चालू ठेवण्यात येतात. ताडोबात शनिवार-रविवारचे दर इतर दिवसांपेक्षा अधिक ठेवण्याची पद्धत पडली असून परदेशी पर्यटकांना वेगळा दर लावतात. दर वेळोवेळी बदलत असल्याने ते त्या त्या वर्षाच्या अधिकृत सूचनेवरूनच पाहावेत.

संजय गांधी उद्यान या सर्वांहून वेगळे आहे. महानगराच्या पोटात असलेल्या या उद्यानात प्रवेशशुल्क माणशी असते आणि रोज पहाटे फिरावयास येणाऱ्यांसाठी मुदतीचे पास दिले जातात. अभ्यागतांना सर्वाधिक बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी की, आत असलेली कान्हेरीची लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत असल्यामुळे तेथे दुसरे तिकीट काढावे लागते. एकाच टेकडीवर जंगलाचा पैसा एका खात्यास आणि लेण्याचा दुसऱ्यास जातो. या दोन शुल्कांमागील विचारही भिन्न आहे. लेणे किंवा किल्ला पाहणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून तो इमानाने उभाच राहतो. झीज होते, ती हळूहळू. वाघीण मात्र एका सकाळच्या गर्दीने आपली वाट बदलते.

संख्येची मर्यादा : यावरून परवान्याचा खरा हेतू उत्पन्न नसून संख्यानियंत्रण हा आहे, हे स्पष्ट होईल. प्रत्येक प्रवेशद्वारातून एका फेरीस किती वाहने सोडावयाची हे रस्त्यांची लांबी, दोन वाहनांमधील अंतर व वाहनाचा आतील अवधी यांवरून काढलेल्या धारणक्षमतेनुसार ठरविले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ रोजी अंतरिम आदेशाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन थांबविले होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केल्यावर १६ ऑक्टोबर २०१२ रोजी ती बंदी उठली. गाभा क्षेत्राच्या कमाल वीस टक्के भागातच पर्यटनास वाव द्यावा, असे त्या तत्त्वांत म्हटले आहे. बंदीचा बहुतेक काळ पावसाळ्याचा, म्हणजे अनेक उद्याने एरव्हीही बंद असण्याचा होता. त्यामुळे पर्यटकांना तिची झळ थोडीच लागली, पण धारणक्षमतेची लेखी गणिते मांडण्याची सवय व्यवस्थापनास लागली, हे तिचे फलित म्हणावे लागेल.

संख्या मर्यादित असली, तरी आत गेलेली वाहने एकाच जागी जमतात तेव्हा गणित कोलमडते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची व तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी अडविली. संबंधित चालक व मार्गदर्शक यांच्यावर वन विभागाने कारवाई केली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. त्या वाहनांतील पर्यटक रीतसर परवाना काढून आत गेलेले होते, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे. जास्त शुल्क मोजणारा पर्यटक वाघ दाखविण्याचा आग्रह जास्त धरतो व तो आग्रह मार्गदर्शक-चालकांवर, बक्षिशीच्या आशेच्या रूपाने, येऊन पडतो. दर वाढविल्याने गर्दी घटते हे खरे. पण त्याने आतील वागणूक सुधारतेच, असा अनुभव नाही.

शुल्काचा विनियोग : पूर्वी प्रवेशशुल्काची सर्व रक्कम शासनाच्या तिजोरीत जमा होई आणि उद्यानास अर्थसंकल्पातून जे मिळेल त्यावर भागवावे लागे. केरळमध्ये पेरियार येथे २००४ मध्ये स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाने निराळी वाट दाखविली. २००६ च्या दुरुस्तीने अधिनियमात कलम ३८ भ (इंग्रजी क्रमाने ३८ एक्स) घालून प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद केली आणि प्रवेश व इतर शुल्कांचे उत्पन्न तेथेच फिरते ठेवणे हे त्याच्या उद्दिष्टांत नमूद केले. त्यामुळे ताडोबाच्या फाटकावर जमलेला पैसा पाणवठे, हंगामी संरक्षण मजूर आणि भोवतालच्या गावांतील कामे यांकडे वळविणे शक्य झाले. बोटेझरी, नवेगाव (रामदेगी), जामणी यांसारखी गावे गाभा क्षेत्रातून बाहेर हलविली गेली आहेत आणि परिसर क्षेत्रातील गावांना वाघाच्या शेजाराची किंमत गुरांच्या व कधी माणसांच्या रूपानेही मोजावी लागते. शुल्कातील वाटा हा त्यांचा हक्क आहे, उपकार नव्हे. मात्र या व्यवस्थेत एक धोकाही आहे : पैसा फाटकावर जमत असल्याने प्रसिद्ध वाघांचे उद्यान अधिक संपन्न होते, आणि पर्यटक फिरकत नाहीत अशा जंगलांच्या हाती काही लागत नाही.

मचाण-परवाना हा आणखी एक प्रकार आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशेजारी मचाणावर बसून प्राण्यांची गणना करण्याची महाराष्ट्रातील जुनी रीत आहे. तिला स्वयंसेवकांची गरज असे. कॅमेरा-सापळ्यांवर आधारलेली गणनापद्धती रूढ झाल्यावर या गणनेचे शास्त्रीय महत्त्व ओसरले. आता ‘निसर्गानुभव’ या नावाने तीच रात्र शुल्क आकारून उपलब्ध करून दिली जाते. पूर्वी ज्या जागरणासाठी माणसे मिळवावी लागत, त्यासाठी आता पैसे भरून नाव नोंदवावे लागते.

मराठवाड्यातील स्थिती : मराठवाड्यात एकही राष्ट्रीय उद्यान नाही. गौताळा-औट्रमघाट, जायकवाडी, नायगाव मयूर, येडशी-रामलिंगघाट ही येथील अभयारण्ये होत; पैनगंगा अभयारण्य यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. कंधारहून ताडोबा तीनशे किमी.हून अधिक दूर आहे. कंधारला रेल्वे नाही. प्रथम नांदेड गाठावे लागते. मन्याडच्या खोऱ्यातील शिक्षकाच्या किंवा शेतकऱ्याच्या कुटुंबाने मोहर्ली वा कोलारा फाटकातून आत जावयाचे ठरविल्यास प्रवासखर्च, मुक्काम आणि संपूर्ण जिप्सीचा आकार हे सर्व त्यास पेलावे लागते. सहा जणांचा गट जमला, तर हा आकार वाटला जातो. चौघांच्या कुटुंबास तो तितकाच पडतो. शिवाय आगाऊ नोंदणी संगणकीय जाळ्यावरून होत असल्याने सुट्यांच्या दिवसांतील जागा आधीच भरलेल्या असतात. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य (१४८.६३ चौ. किमी.) नांदेडकरांना त्यामानाने जवळचे असून सुन्ना प्रवेशद्वारातून तेथे वाहनफेरी करता येते, तेथील वाघांमुळे अलीकडे या भागातील पर्यटकांचा ओघ तिकडे वळला आहे.

शालेय सहलींचा विचार येथे स्वतंत्रपणे करावयास हवा. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गास जिप्सीच्या हिशेबाने सात वाहने लागतील. ज्या फेरीला मोजकीच वाहने सोडली जातात तेथे इतकी मिळणे दुरापास्त असते. अनेक प्रकल्पांनी यासाठी मोठ्या बसगाडीची सोय ठेवलेली आहे आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना परवडेल असा तोच एक मार्ग आहे. बसचे दर व दिवस यांची चौकशी सहलीच्या पुष्कळ आधी संबंधित उपसंचालकांच्या किंवा विभागीय वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी पत्राने करणे सोयीचे ठरते.