दहा सेकंदांची हिंमत

एका आईने विचारलं आहे : ‘मुलगा सहावीत आहे. शाळा असली की सकाळी त्याच्या पोटात दुखतं, रविवारी दुखत नाही. वर्गातली दोघं-तिघं त्याला सतत छळतात. घरचे म्हणतात, तो मुळातच घाबरट, म्हणून पोरं त्याच्या मागे लागतात. खरं काय?’

संशोधकही बरीच वर्षं याच प्रश्नापाशी अडून होते. छळ सोसणाऱ्या मुलांमध्ये चिंता जास्त असते, हे पाहणीमागून पाहणीत दिसत होतं. पण आधी काय? घाबरी मुलं तावडीत सापडतात, की तावडीत सापडलेली मुलं घाबरी होतात? शिवाय घरातच कटकटी असतील, तर दोन्ही गोष्टी तिथूनच सुरू झालेल्या असू शकतात. आणि मुलांना मुद्दाम छळून प्रयोग करता येत नाही.

वाट दाखवली जुळ्यांनी. समजा, एकाच वाफ्यात, एकाच बियाण्याच्या दोन सऱ्या आहेत. माती, पाणी, ऊन सगळं सारखं. एकीवर कीड पडली आणि तीच खुरटली, तर दोष बियाण्याला देता येणार नाही. एकरूप जुळ्यांची जनुकं सारखी, घर एकच, आईवडील तेच. तरी शाळेत कधी कधी दोघांपैकी एकाच्याच वाट्याला छळ येतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या लुईझ आर्सेनो यांनी अशा जोड्या शोधल्या. २००८ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की छळलेलं भावंड दुसऱ्यापेक्षा अधिक चिंताग्रस्त आणि उदास होतं. माझ्या मते शाळेतल्या छळाविषयीच्या संशोधनातलं हे सर्वांत सुंदर काम आहे. मुलाच्या स्वभावावर बोट ठेवून मोकळं होण्याची सोयच त्याने काढून घेतली.

पुढे, २०११ मध्ये, बारा वर्षांच्या अशाच ३० जोड्यांना ताण येईल अशी कामं देऊन त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं गेलं. ताण आला की हे संप्रेरक वाढतं. न छळलेल्या भावंडांमध्ये ते वाढलं. छळलेल्यांमध्ये अपेक्षेप्रमाणे वाढलंच नाही. ‘बघा, पोरगं घट्ट झालं’ असा याचा अर्थ नाही. ताणाला उत्तर देण्याची शरीराची नेहमीची घडीच विस्कटल्याची ती खूण आहे.

मात्र ‘बुलिंगने आयुष्य उद्ध्वस्त’ अशा मथळ्यांवर माझा विश्वास नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या ११,१०८ जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुळ्यांची आपसात तुलना केली तेव्हा छळ आणि चिंता यांचं नातं थोडं सैल झालं. म्हणजे काही मुलं आधीपासून हळवी होती, हे घरच्यांचं म्हणणं अंशतः खरं निघालं. पण नातं तुटलं नाही. अकराव्या वर्षीच्या छळाचा चिंतेवरचा थेट परिणाम दोन वर्षांनंतरही दिसत होता आणि पाच वर्षांनंतर मावळला होता. बहुतेक मुलं सावरू शकतात, ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. पण अकरा ते तेरा ही वर्षं पोटदुखीत घालवणं म्हणजे किरकोळ नव्हे. शिवाय ज्यांचा छळ वारंवार झाला, अशा लोकांमध्ये वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीही चिंताविकाराचं प्रमाण जास्त असल्याचं १९५८ साली जन्मलेल्या ब्रिटिश मुलांच्या दीर्घ पाहणीत दिसलं आहे.

मग उपाय? ‘तू पण एक ठेवून दे’ हा आपला घरगुती सल्ला सगळा भार त्या एकट्या मुलावर टाकतो. कॅनडातल्या डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग यांनी याहून साधी गोष्ट केली : टोरांटोमधल्या शाळांत मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन लावले, दुरून कॅमेरा रोखला आणि मधल्या सुट्टीत काय चालतं ते पाहिलं. छळाच्या १०० पैकी ८८ प्रसंगी इतर मुलं तिथे हजर होती. त्यांतलं कुणी मध्ये पडलं ते फक्त १९ प्रसंगी. पण जेव्हा कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. फिनलंडमधल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी शाळांसाठी आखलेला ‘किवा’ हा कार्यक्रमही या बघ्या मुलांनाच हाताशी धरतो.

म्हणून त्या आईला माझं सांगणं : मुलाला घाबरट म्हणू नका. काय घडतं ते तारीखवार लिहून वर्गशिक्षकांना भेटा आणि वर्गातल्या बाकीच्या मुलांशी बोलायला सांगा. चिंता हटत नसेल, शाळा बुडू लागली असेल, तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. आणि ज्यांच्या मुलांना कुणी छळत नाही, अशा पालकांनो, आज घरी एवढं विचारा : तुमच्या वर्गात कुणाला त्रास देतात, आणि तेव्हा तू काय करतोस?