फाउंडेशन कोर्ससाठी घर गहाण टाकण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला की पेण-रोह्याकडच्या घरांतून हल्ली एक नवा शब्द ऐकू येतो : फाउंडेशन कोर्स. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला परदेशी जाणार आणि डिग्रीच्या आधी तिथे वर्षभर हा कोर्स करणार. फी भरा, पुढचे आम्ही बघतो, असे एजंट सांगतो. मग धाटावच्या कारखान्यात राबणारा बाप राहत्या घराचे कागद शोधू लागतो. म्हणून हे प्रकरण काय आहे, ते पालकांनी नीट समजून घ्यावे.

कोर्स खोटा नाही. इंग्लंडमधील मुले शाळेची शेवटची दोन वर्षे तीन-चारच विषय शिकतात, पण खोलवर. म्हणून तिथली डिग्री बहुधा तीन वर्षांत होते. बाहेरून आलेल्या मुलाचे गणित, फिजिक्स आणि इंग्रजी त्या पातळीवर आणायचे, त्यासाठी हे वर्ष. मात्र बारावीला उत्तम गुण असलेल्यांना काही विद्यापीठे थेटही घेतात. शिवाय कोर्स करूनही ठरावीक गुण पडले तरच डिग्रीला प्रवेश मिळतो. एजंट नेमके हेच हळू आवाजात सांगतो.

जर्मनीत याच कामासाठी ‘स्टुडिएनकोलेग’ असते. इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांचा तिथला वर्ग म्हणजे टी-कोर्स. सरकारी कोलेगमध्ये शिकवणीची फी नसते, पण आधी जर्मन भाषा यावी लागते आणि व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो खात्यात दाखवावे लागतात.

मी कॉमर्सचा माणूस, मला जमा-खर्चच आधी दिसतो. इंग्लंडच्या फाउंडेशन वर्षाची नुसती फीच बहुतेक ठिकाणी दहा लाखांच्या वर जाते. दहा लाखांवर अकरा टक्क्यांनी व्याज धरले तर महिन्याला नऊ हजारांहून जास्त नुसते व्याजच झाले, मुद्दल तसेच. आणि सरकारी आधार? राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती काय किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती काय, दोन्ही पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी आहेत. बारावीनंतरच्या तयारीच्या वर्षाला त्यातून पैसे मिळत नाहीत.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते मुंबईत बी.ए. होऊन, बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन. पहिली पदवी इथे आणि पुढची तिथे, हा रस्ता आजही आपल्या मुलांना परवडणारा आहे.

तो रस्ता घराजवळूनच जातो. पेणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. माणगाव तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गावर लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आपल्या कुटुंबांना पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, त्यावर असेल तर फ्रीशिप.

तयारी मात्र पहिल्या वर्षापासूनच हवी. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलामुलींचे गणित कच्चे असतेच असे नाही. अडते ते उभे राहून शंका विचारण्यात आणि केलेला प्रयोग स्वतःच्या इंग्रजीत लिहिण्यात. मित्राचे जर्नल उतरवून काढायची आपल्याकडची सवय परदेशात फार महागात पडते. तिथे ती चोरी धरतात आणि विद्यार्थ्याला काढूनही टाकतात. विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालत असेल, तर आठवड्यातून एक दिवस प्रत्येकाने पाच मिनिटे इंग्रजीत आपला प्रयोग समजावून सांगावा. चुकले तरी कोणी हसू नये.

एक काम पालकांनी आजच करावे. जात पडताळणीचा अर्ज निकालाची वाट न पाहता अकरावी-बारावीतच द्यावा. डिप्लोमाच्या मुलांनी शेवटच्या वर्षाच्या आत. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा गावचा जन्म-मृत्यूचा उतारा शोधायला कधी कधी महिने जातात.