कपडे मळतील म्हणून

तीन-चार वर्षांचं मूल दारापर्यंतसुद्धा चालत जात नाही, धावतच जातं. मध्ये एक गिरकी, एक उडी, मग जमिनीवर फतकल. दम खाल्ला की पुन्हा तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या वयासाठी माप ठरवून दिलं: दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल, आणि त्यातली ६० मिनिटं चांगली धाप लागेल अशी.

मग बालवाडीत गेल्यावर ही धावपळ का आटते? अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या बालरोगतज्ज्ञ क्रिस्टन कोपलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न मुलांना सांभाळणाऱ्यांनाच विचारला. ३४ केंद्रांमधल्या ४९ जणांना त्यांनी गटागटाने बोलतं केलं. २००९ आणि २०१२ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मुलांनी खेळायला हवं, हे शिक्षकांना पटवावं लागलं नाही. अडत होतं ते भलत्याच ठिकाणी. मूल सपाता घालून आलेलं असे, नाहीतर समारंभाचे कपडे घालून. थंडीत एकाकडे कोट नसला, तर त्याच्यासाठी अख्खा वर्ग आत बसे. काही पालक मुलाला बाहेर नेऊ नये म्हणूनच कोट देत नाहीत, असा संशय शिक्षकांनी बोलून दाखवला.

सुरक्षेच्या नियमांबद्दल त्यांनी सांगितलेली गोष्ट तर विचारात पाडणारी आहे. इजा होऊ नये म्हणून खेळणी इतकी सोपी केली गेली, की मुलांना त्यांचा कंटाळा येऊ लागला. मग मुलं घसरगुंडीवर उलट्या बाजूने चढू लागली. जपण्याच्या नादात जोखीम कमी झालीच असं नाही. ती नुसती दुसरीकडे सरकली.

पैशांची चणचण होतीच. शिवाय पालकांचा आग्रह: खेळ पुरे, अक्षरं शिकवा. आपल्याकडच्या बालवाडीच्या बाईंना हे वाक्य तोंडपाठ असेल! पण उडी मारताना पायांवर येणाऱ्या भाराने हाडं बळकट होतात, पाठलाग करताना अंतराचा अंदाज येतो, आपली पाळी येईपर्यंत थांबताना मन आवरायची सवय लागते. हा अभ्यासातून चोरलेला वेळ नव्हे. या वयाचा अभ्यासच असा असतो.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर, वस्तीतली मुलं शाळेत येईनात तेव्हा त्यांनी आणि सहकारी अनुताई वाघांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि तो देशभर पोचला.

आज शहरातल्या कितीतरी अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरतात. कोपऱ्यात खाऊची पातेली, भिंतीला वजनकाटा, मधे सतरंजी. मामाचं पत्र खेळायला सेविकेने मुलांचा गोल केला, की पत्र टाकून पळणाऱ्याला गोलामागे जागाच उरत नाही.